तरवडाचे लाड करू नका, ताई

पत्र असं आहे:

"नमस्कार. माझं माहेर आणि सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली, म्हणजे मूळचे तेलुगू विणकर. तीन वर्षांपूर्वी आम्ही विजापूर रोडच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधलं. घरासमोर पंधरा बाय वीस फुटांची जागा मोकळी आहे. खाली मुरूम, त्यावर बांधकामातली उरलेली वाळू, आणि सकाळी आठपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. गुलाब, मोगरा, लॉन सगळं करून झालं, सगळं वाळलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात बागेला किती घालणार? सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दसऱ्याआधी फुलांचे थर रचून आम्ही बतुकम्माचा सण करतो, त्याला लागणारं तंगेडु, म्हणजे आपला तरवड, दारात असावा एवढी त्यांची इच्छा आहे. पूर्वी हैदराबाद रोडला गेलं की पिशवी भरून फुलं मिळायची, आता विकत घेतो. म्हणून गेल्या श्रावणात मी माळावरून दोन रोपं उपटून आणली, दोन फुटांचे खड्डे घेतले, काळी माती आणि शेणखत भरलं, रोज तांब्या-दोन तांब्ये पाणी घातलं. पंधरा दिवसांत दोन्ही मेली. मग नर्सरीतून तरवड म्हणून एक रोप आणलं. ते जगलंय, पण सासूबाई म्हणतात हे आपलं तंगेडु नव्हेच. माझं काय चुकतंय? आणि येत्या दसऱ्याला घरची फुलं मिळतील का?"

ताई, तुम्ही त्या झाडाचे फार लाड केलेत. तेवढंच चुकलं. गुलाबाला जे हवं असतं ते सगळं तुम्ही तरवडाला दिलंत, आणि तरवडाला त्यातलं काहीच नको होतं.

आधी ती दोन रोपं का मेली ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. तरवडाचं मूळ सोटमूळ. वर वीतभर रोप दिसत असतं तेव्हा खाली ते मुरमाच्या फटीतून हातभर उतरलेलं असतं. श्रावणात माती ओली म्हणून रोप उपटायला सोपं जातं, आणि आपल्याला वाटतं मुळासकट आलं. येतं ते वरचं चार बोटं मूळ. खालचा सगळा भाग मुरमातच तुटून राहतो. वर मात्र पानांचा भार तसाच. ते रोप तुमच्या हातात आलं तेव्हाच अर्धं गेलेलं होतं. माळावरून तरवड उपटून आणणारे दहा जण मला माहीत आहेत, त्यातला जगवलेला एकही आठवत नाही. शिवाय माळावरचं एक झाड कमी होतं ते वेगळंच.

उरलेलं काम खड्ड्यानं केलं. कडक मुरमात दोन फुटांचा खड्डा घ्यायचा आणि त्यात काळी माती भरायची, म्हणजे जमिनीत एक हौद बांधायचा. काळी माती पाणी धरून ठेवते, भोवतालचा मुरूम ते पटकन खाली जाऊ देत नाही. वरून श्रावणाच्या सरी, त्यात रोजचे तांब्ये. तुटलेलं मूळ त्या चिखलात कुजलं. जरी वाचलं असतं, तरी उन्हाळ्यात तीच काळी माती आटून भेगाळली असती आणि कोवळ्या मुळ्या ताणून तुटल्या असत्या. हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका तरवडाला ठिबकची नळी लावली होती. झाड असं माजलं की बघत राहावं. हिरवंगार, लुसलुशीत, छातीएवढं, आणि फूल एक नाही. सप्टेंबरात दोन दिवस झड लागली आणि सकाळी बघतो तर बुंध्यापासून आडवं. मूळ खाली गेलंच नव्हतं. पाणी वरच मिळत असताना कशाला जाईल?

तेव्हा जमिनीचं काय करायचं, तर जवळजवळ काहीच नाही. खत नको, ट्रॅक्टरभर काळी माती तर मुळीच नको. एक दिवस मुलांना हाताशी घेऊन सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे पापुद्रे, टाइल्सचे तुकडे, तारा तेवढ्या वेचून काढा. बांधकाम झालेल्या जागेत झाडं मरतात त्यात उन्हाइतकाच या चुन्या-सिमेंटचा हात असतो. वाळूचा थर चार-सहा बोटांचा असेल तर राहू द्या, त्याचा फायदाच आहे. वरची वाळू तापते, कोरडी पडते, पण खालची ओल झाकून ठेवते. मे महिन्यात भरदुपारी तिथली वाळू हातानं बाजूला सारून बघा, खालचा मुरूम गार लागेल. ज्वारीत शेतकरी कोळपं फिरवून वरची माती भुसभुशीत ठेवतात, ते याच कारणासाठी. थर फूटभराच्या वर असेल तर मात्र कुदळीनं खालचा मुरूम आणि वाळू एकत्र करून घ्या, नाहीतर कोवळ्या रोपाचं मूळ ओलीपर्यंत पोचायच्या आत वाळूतच सुकेल.

आता नर्सरीतलं रोप. सासूबाई बरोबर असणार असं मी न बघताच म्हणतो, पण तुम्हीही खात्री करून घ्या. पानाचा देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं बघा. खऱ्या तरवडाला त्या जागी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर, रुंद, हिरवी पानं असतात, जणू फांदीनं कान टवकारलेत. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' यावरूनच आलंय, कानवाला. शिवाय पानाच्या मधल्या शिरेवर, पानांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये, टाचणीच्या टोकाएवढी एकेक उभी गाठ असते. कान नसतील तर तो तरवड नाही. नर्सरीत 'कॅशिया' म्हणून पिवळ्या फुलांची बाहेरची बरीच झुडपं येतात, त्यातलंच एखादं तुमच्या गळ्यात पडलं असेल. आणि पावसाळ्यात प्लॉटभर आपोआप उगवतो तो टाकळा. त्याचं फूल तरवडाच्या नात्यातलं, पण ते हंगामी तण आहे, दिवाळीनंतर वाळून जातं. त्याला तरवड समजून जपत बसू नका. नर्सरीतलं झाड जगलंय तर राहू दे बिचारं, त्याचा काय दोष.

रोप कुठून आणायचं या प्रश्नाचं उत्तर आहे, आणूच नका. बी लावा, आणि जिथं झाड हवं तिथंच लावा. तुमचं पत्र अगदी वेळेवर आलंय. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली आहे, म्हणजे तरवडाच्या शेंगा या दिवसांत वाळून तपकिरी, कागदासारख्या झालेल्या असतात. तुळजापूरच्या बाजूला, अक्कलकोटच्या बाजूला, कुठंही मुख्य रस्ता सोडून आत माळाला वळा. बांधावर, ओढ्याच्या काठाला तरवड अजून आहे. हैदराबाद रोडचा गेला तो रस्ता चौपदरी होताना. तरवड टिकतो याचं एक कारण असं की शेरडं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. माळावर बाकी सगळं ओरबाडलेलं असतं आणि हा तेवढा हिरवा उभा असतो. तुमच्या प्लॉटला कंपाउंड नसलं तरी चालेल ते यामुळंच.

शेंगा एकाच झाडाच्या घेऊ नका, पाच-सहा झाडांच्या मूठ-मूठ घ्या, आणि प्रत्येक झाडावर निम्म्याहून जास्त राहू द्या. शेंग उजेडात धरून बघितली की आतले दाणे एकेका कप्प्यात बसलेले दिसतात. शेंगेला टाचणीनं टोचल्यासारखं भोक असेल तर ती तिथंच टाका, आत किडा दाणे पोखरून बसलेला असतो. घरी आणून दोन दिवस ऊन द्या, दाणे काढा, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून नको.

मग मृग लागेपर्यंत विसरून जा.

ही पायरी बहुतेकांची चुकते, म्हणून नीट वाचा. तरवडाचं बी दगडासारखं असतं. तसंच मातीत टाकलं तर त्यातलं थोडं या वर्षी उगवेल, थोडं पुढच्या, थोडं त्याच्या पुढच्या. माळावर ही सोयच आहे, एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तरी सगळं बी एकदम वाया जात नाही. पण तुम्हाला चार वर्षं थांबायचं नाही. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी भांड्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि त्यात दाणे सोडा. उकळत असताना सोडू नका, शिजतील. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी काही दाणे फुगून दुप्पट झालेले, साल मऊ पडलेली दिसेल. ते लगेच लावायचे. जे होते तसेच राहिलेत त्यांना सॅंडपेपरवर दोन-चार वेळा घासा, एका बाजूची चकाकी जाईपर्यंत, आणि पुन्हा रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. जे वर तरंगतात ते फेकून द्या.

पहिला पाऊस पडला की लगेच धावू नका. सोलापूरचा मृग कसा फसवतो ते मी तुम्हाला काय सांगू. एक दणका देतो आणि पंधरा दिवस गायब होतो. दुसरा-तिसरा पाऊस होऊन मुरूम वीतभर खोल भिजला की लावा, मग ते मृगात होवो की आर्द्रात. आळं नको, खड्डा नको. खुरप्याच्या टोकानं बोटाच्या एका पेराएवढं उकरायचं, त्यात तीन दाणे टाकायचे, वर माती लोटायची. दोन ठिकाणांमध्ये तीन-साडेतीन फूट अंतर, भिंतीपासूनही तेवढंच. तुमच्या जागेत दहा-बारा झाडं आरामात बसतील, पण मी आठच लावा म्हणेन, कारण उरलेल्या जागेचं मला दुसरं काही सुचवायचंय. आठवड्या-दहा दिवसांत उगवण दिसेल. तिन्ही उगवली तर एक धट्टंकट्टं ठेवा, बाकीची कात्रीनं कापा. उपटायला गेलात तर शेजारच्याचं मूळ हलेल.

आपल्याकडं जुलै-ऑगस्टात उघडीप पडते आणि खरा पाऊस सप्टेंबरात येतो. त्या उघडिपीत आठ-दहा दिवसांनी एकदा, प्रत्येक रोपाला अर्धी बादली, सावकाश, बुंध्यापासून वीतभर लांब. रोजचा तांब्या बंद. तांब्याभर पाण्यानं वरची दोन बोटं ओली होतात आणि मूळ तिथंच रेंगाळतं. पहिल्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर द्या. भांडी विसळलेलं पाणी चालेल, साबणाचं नको. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी देऊच नका. नळ चार दिवसांनी येवो की आठ, तरवडाला त्याच्याशी देणंघेणं राहत नाही.

एक गंमत सांगून ठेवतो, नाहीतर पहिलं वर्ष तुम्हाला निराशेचं जाईल. रोप दिवाळीपर्यंत गुडघ्याला जेमतेम लागेल, आणि तुम्हाला वाटेल खुंटलं. खुंटलेलं नसतं, खाली चाललेलं असतं. या काळात कुणी येऊन "थोडा युरिया टाका, झरझर वाढेल" असं सांगितलं तर त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. तरवड शेंगावर्गातला असला तरी तूर-हरभऱ्यासारख्या त्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत, म्हणून काहींना वाटतं त्याला नत्र कमी पडत असेल. माळावर त्याला कोण घालतं?

आता दसऱ्याचं. खरं सांगायचं तर येत्या दसऱ्याला घरचं तंगेडु मिळणार नाही. एखादं घाईचं झाड एखादा घोस दाखवेल, पण त्यावर बतुकम्मा रचता येत नाही. भरवशाची फुलं दुसऱ्या पावसाळ्यानंतर. पण सासूबाईंना रिकाम्या हातानं बसवायची गरज नाही. तुमच्या बतुकम्मात तंगेडुच्या जोडीला गुनुगु लागतोच, आणि गुनुगु म्हणजे आपला कुरडू. तो पांढरा-गुलाबी, मेणबत्तीसारख्या तुऱ्याचा, बाजरी-ज्वारीत तण म्हणून उगवतो आणि शेतकरी ज्याला शिव्या देतात तोच. त्याचं बी बारीक, काळं, चकचकीत, मोहरीहूनही लहान. वाळलेला तुरा तळहातावर चोळला तर चिमूटभर निघतं. तरवडाच्या मधल्या मोकळ्या जागेत हे बी मूठभर वाळूत मिसळून जूनमध्ये फेकून द्या, वर माती नको, नुसता खराटा फिरवा. त्याला वाळू चालते, ऊन चालतं, मुरूम चालतो. दाट उगवला तर कोवळा असताना विरळणी करा आणि विरळणीत निघालेल्याची भाजी करा, लसूण-मिरची घालून चांगली लागते. भाद्रपदापर्यंत कंबरेएवढा होऊन तुरे धरेल. पितृ अमावस्येला बतुकम्मा बसते तेव्हा गुनुगु घरचा, तंगेडु या वर्षापुरतं बाजारातलं. सासूबाईंना एवढं पटवणं तुमच्याकडं लागलं.

कुरडूबद्दल एकच सावधगिरी. सगळे तुरे झाडावर वाळू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या प्लॉटातही तुमचीच बतुकम्मा असेल.

पुढच्या वर्षी तरवड फुलायला लागला की सकाळी नऊच्या सुमारास चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसा. काळा, जाडजूड भुंगा येईल. तो फुलाला पायांनी घट्ट धरतो, आणि त्याची घूंघूं एकदम वरच्या पट्टीत जाते, चावीच्या खेळण्यासारखी. तरवडाच्या फुलात मध नसतो. परागकण बंद नळीत असतात, नळीच्या टोकाला तेवढं भोक. भुंगा पंख न हलवता नुसतं अंग थरथरवून ती नळी हलवतो आणि मिठाच्या बाटलीसारखे पराग खाली सांडतात. त्याच्या पोटाला पिवळी भुकटी लागलेली दिसते. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, आणि लहानपणापासून त्या झुडपाजवळून रोज शाळेला जात होतो. भुंगे हवे असतील तर फवारणी करू नका. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, एखादी फांदी खराट्यासारखी करतील. त्यांची पांढरी-पिवळी फुलपाखरं होतात, आणि झाडाला आठ दिवसांत नवी पालवी येते.

छाटणीचं एवढं लक्षात ठेवा. फूल नव्या फांदीच्या शेंड्याला येतं. म्हणून शेंगा उतरवून झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास, झाड तिसरा हिस्सा कापून काढा. पावसाळ्यात भरपूर शेंडे फुटतील. ऑगस्टनंतर कात्री लावली तर बतुकम्माचीच फुलं कापलीत म्हणून समजा. तुम्ही फुलांसाठी देठासकट घोस तोडणार, तीही एक छाटणीच. फक्त आठातल्या दोन झाडांना हात लावू नका, तेवढं बी राहील.

शेजारच्या काकू म्हणतील झुडपात साप येतो. बुंध्यापासून हातभर उंचीपर्यंतच्या आडव्या फांद्या काढून खाली झाडून स्वच्छ ठेवलं तर लपायला जागा राहत नाही. आणि कुणी शुगरवर तरवडाच्या फुलांचा चहा घ्या म्हणालं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. सासूबाईंना तर मुळीच करू देऊ नका. फूल पाण्यात उकळून प्यायची रीत जुनी आहे, पण गोळीच्या जागी फूल ही रीत नाही.

तेलंगणानं 2014 मध्ये वेगळं राज्य झाल्यावर तंगेडुला राज्याचं फूल केलं, हे सासूबाईंना बहुधा माहीत असेल. आणि आमच्याकडच्या मंडळींनाही तरवड परका नाही. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते ती याचीच. तुमची बतुकम्मा आणि आमचा घट एकाच झुडपावर डोळा ठेवून असतात, म्हणून तर त्या नऊ दिवसांत बाजारात त्याचा भाव वाढतो.

येत्या रविवारी माळावर जाणार असाल तर सासूबाईंना सोबत न्या. कान बघायची त्यांना गरज पडणार नाही, त्या लांबूनच ओळखतील. दोन मुठी शेंगा पुरेत. त्यात शंभरावर दाणे निघतील आणि तुम्हाला लागणार चोवीस. उरलेले या सदराच्या नावानं पाकिटात घालून पाठवलेत तर मला हवेत. ठिबकवाल्या माझ्या झाडाची जागा अजून रिकामी आहे.